आतल्या बाजूचा साथिया

दिपमालाच्या लग्नात माझ्या पप्पांना मामा म्हणून उभं राहायचं होतं, आणि वाटेत एक दगड होता.

पप्पांचं, म्हणजे उत्तमचंदशेठांचं, पारोळ्याला ठिबकच्या नळ्या आणि मोटारपंपांचं दुकान आहे. आमचे पणजोबा राजस्थानातून इकडे आले. दिपमालाचे वडील वनाकाका चोपड्याच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याला शेती करतात. रक्ताचं नातं काही नाही. पण वनाकाकांची बायको वच्छलाआत्या हिला भाऊ नाही, आणि ती दर राखीला पारोळ्याला येऊन पप्पांना राखी बांधते. माझ्या जन्माच्या आधीपासून बांधते. त्यामुळे तिच्या मुलीचा मामा कोण, हा प्रश्न कधी कुणाला पडलाच नाही.

दगडाचं असं झालं. मागच्या उन्हाळ्यात दिपमालाचा साखरपुडा होता. वनाकाकांच्या गावाकडे जाणाऱ्या कच्च्या वाटेवर एक नाला लागतो. नाला ओलांडून चढ लागला की दोन चाकोऱ्यांच्या बरोबर मधोमध खडकाची पाठ वर आलेली आहे. आमची फोर बाय फोर गाडी तिच्यावर पोटाने आपटली आणि खालचं ऑइलचं चेंबर फुटलं. कमरेचं ऑपरेशन झालेले पप्पा भर उन्हात चालत निघाले आणि एका निंबाखाली चक्कर येऊन पडले. गावातली माणसं त्यांना बाजेवर घालून घेऊन गेली, तोवर साखरपुडा उरकला होता. वच्छलाआत्या अंगठीकडे बघायचं सोडून पप्पांच्या डोक्यावर पाणी ओतत बसली होती.

तेव्हापासून मम्मीने एकच वाक्य धरून ठेवलं होतं. "त्या दगडावरून गाडी जात नाही, तोवर तुम्ही पण जायचं नाही."

ट्रॅक्टर आणि मोटरसायकल डॉक्टरांनी बंद केली होती. दगड फोडायचा वनाकाकांनी प्रयत्न केला होता, पण तो सुटा दगड नव्हता, जमिनीखालून आलेला खडक होता. पहार वाकली, दगडाला ओरखडासुद्धा आला नाही.

"गाडी उंच करू," माझा मोठा भाऊ रोनक म्हणाला. हे वाक्य म्हणायला तो वर्षभर कारण शोधत होता.

"गाडीत काही कापायचं नाही, काही उचलायचं नाही," पप्पा म्हणाले. "पासिंगच्या वेळी जशी होती तशीच राहिली पाहिजे."

"मग राहतात फक्त टायर."

"टायर मोठे टाक. पण बाकी गाडीला हात लावायचा नाही."

म्हणून प्रश्न माझ्याकडे आला. मी अमळनेरला एमएस्सी केलं, फिजिक्समध्ये, आणि सध्या दुकानात बसून पुढच्या परीक्षेचा अभ्यास करते. घरात मोजायचं काहीही असलं की "विधीला सांगा" म्हणून ते माझ्याकडे येतं. त्यात पडद्यांचं कापडसुद्धा आलं.

रोनकभैयाने त्याच्या जीपवाल्या मित्रांच्या ग्रुपवरचे फोटो दाखवले. टायर एवढे की गाडी त्यांच्यावर ठेवल्यासारखी दिसत होती.

"हे बघ, व्यास सत्तर मिलीमीटरने जास्त. म्हणजे गाडी सत्तर मिलीमीटर वर."

"पस्तीस," मी म्हटलं.

"का? सत्तर मोठा ना टायर?"

"आस टायरच्या मध्यावर असतो, भैया. अर्धी वाढ आसाच्या खाली, अर्धी वर. वरची अर्धी गाडीला उचलत नाही, मडगार्डमध्ये जाऊन बसते."

"म्हणजे पैसे पूर्ण आणि उंची अर्धी?"

"सगळ्यांनाच."

त्याने फोन खिशात टाकला. त्याचं हे एक चांगलं आहे, पटलं की वाद घालत नाही.

आधी दगड मोजायला हवा होता. मी दिपमालाला फोन केला. ती चोपड्याच्या कॉलेजला शिकलेली, तिला सांगायला फार लागलं नाही. दोन्ही चाकोऱ्यांच्या तळाला विटा ठेवायच्या, विटांवर आडवी सरळ काठी, आणि काठीपासून दगडाच्या माथ्यापर्यंत टेप. तिने तीन वेळा मोजून पाठवलं. चाकोरीच्या तळापासून दगडाची उंची एकवीस सेंटिमीटर निघाली. फोटोत काठी धरून वनाकाका उभे होते आणि मागे चार म्हातारे उकिडवे बसून बघत होते.

मग गाडी. मोकळ्या गाडीची उंची उपयोगाची नव्हती, कारण मोकळी गाडी लग्नाला जाणार नव्हती. मी पप्पा, मम्मी आणि रोनकभैयाला आत बसवलं, माझ्या जागी खताची गोणी ठेवली, आहेराचं सामान म्हणून पंपाची दोन खोकी ठेवली आणि खाली झोपून पोटाचा सगळ्यात खालचा भाग मोजला. साडेवीस.

"किती कमी पडतं?" पप्पांनी खिडकीतून विचारलं.

"पाच मिलीमीटर."

"फक्त?" मम्मी म्हणाली. "पाच मिलीमीटरसाठी माणूस उन्हात पडला?"

आता उरलं मडगार्डच्या आत जागा किती, ते. कुठलाही टायर सरळ उभा असताना बसतो. स्टिअरिंग पूर्ण वळवलं आणि चाक खड्ड्यातून वर दाबलं गेलं की मग तो कुठे घासतो ते कळतं. मी स्वयंपाकघरातून कणकेचा गोळा घेतला. चार ठिकाणी, टायर आणि आतल्या प्लास्टिकच्या मध्ये, कणीक चिकटवली. एक पुढचं चाक दुकानाच्या ओट्यावर चढवलं आणि भैयाला स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायला सांगितलं. कणीक जिथे चपटी होईल, तिथली उरलेली जाडी म्हणजे मोकळी जागा.

"ही कणीक परत पोळीला घेणार नाही मी," मम्मी दारातून म्हणाली.

"गाईला घाल."

"ग्रीस लागलेली? गाईने तुझं काय वाकडं केलंय?"

सगळ्यात पातळ गोळा एकतीस मिलीमीटर भरला. भैयाच्या फोटोतल्या टायरला पस्तीस लागत होते. तो टायर घासणारच. त्याच्या खालच्या मापाला एकोणीस लागत होते. तो बसला की वर बारा मिलीमीटर शिल्लक आणि गाडी एकोणीसने वर. दगड चौदा मिलीमीटरने चुकणार होता. रुंदीही फक्त एक पायरी जास्त, त्यामुळे रिम बदलायची गरज नव्हती. स्पीडचा काटा थोडा मागे राहील, साठ दाखवेल तेव्हा गाडी त्रेसष्टने चाललेली असेल, एवढं पप्पांना लक्षात ठेवायला सांगितलं. भैयाला सांगितलं नाही.

"चौदा म्हणजे केवढं?" मम्मीने विचारलं.

मी करंगळी दाखवली. तिने माझी करंगळी धरून नीट बघितली आणि सोडली.

टायर धुळ्याहून आणले. दुकानदार म्हणाला, इथेच बसवून देतो, तासाभराचं काम आहे. पण आमच्याकडे नवीन वस्तू आधी दुकानात येते, पाटावर बसते, तिच्यावर मम्मी साथिया, म्हणजे स्वस्तिक, काढते आणि मग ती वापरायची. मिक्सरवर साथिया आहे. गॅसच्या शेगडीवर आहे. माझ्या लॅपटॉपच्या झाकणावर हळदीचा डाग आहे, तो कॉलेजात चार वर्षं सगळ्यांनी मला विचारला. तर पाचही टायर, स्टेपनीचा धरून, सुटेच पारोळ्याला आले आणि दुकानात पाटांवर आडवे ठेवले गेले. मम्मीने तुपात कुंकू कालवलं, कारण रबरावर कोरडं कुंकू टिकत नाही, आणि प्रत्येकावर हाताएवढा साथिया काढला. जी बाजू वर होती तिच्यावर.

दुसऱ्या दिवशी हायवेवरच्या समाधानच्या दुकानात टायर बसवले. समाधानने तुपाचा वास घेतला आणि म्हणाला, "मावशी, टायर बसवायचे की परतायचे?"

"बसव, बसव. आणि पुसू नकोस."

टायरच्या एका बाजूला पांढरी अक्षरं होती. ती बाहेर दिसली पाहिजेत, असं भैयाने दोनदा बजावलं. समाधानने तसे बसवले. मी तिथेच स्टिअरिंग दोन्हीकडे फिरवून बघितलं, वरून बॅटरी मारली, कुठेही आवाज नाही. घरी येताना आमच्या गल्लीच्या तोंडाशी गटारावरची फरशी लागते. तिथे गाडी तिरकी चढवून पूर्ण वळवावी लागते. तिथेही आवाज नाही. त्या रात्री मला छान झोप लागली.

लग्नाची टाळी संध्याकाळी होती. खानदेशात लग्न लागतं त्या घटकेला टाळी म्हणतात, आणि टाळीच्या वेळी मामा नवरीच्या मागे हवा. आम्ही सकाळीच निघणार होतो. पप्पा पांढरी टोपी घालून पुढे बसले होते. मागे आहेराची खोकी. भैयाने गाडी सुरू केली. मम्मी नारळ घेऊन गाडीभोवती फिरली आणि पुढच्या डाव्या चाकाशी थांबली.

"याचा साथिया कुठाय?"

"पुसला असेल," भैया म्हणाला.

"बाकीचे पुसले नाहीत. मागच्या दोघांवर आहे, उजव्यावर आहे, स्टेपनीवर आहे. याच्यावर ठिपका पण नाही."

"मग आत गेला असेल. अक्षरं बाहेर घेतली ना, तो टायर पाटावर उलटा असेल. आहे आतल्या बाजूला. बस तू."

"बघून सांग."

"मम्मी, आत असला काय, बाहेर असला काय, टायर तोच."

"बघून सांग, म्हटलं ना. लग्नाला निघालोय. एका चाकावर नाही, असं नको."

पप्पांनी काच खाली केली. "अगं मंजू, उशीर होतोय."

"टाळी संध्याकाळी आहे. मी बसत नाही."

तिने नारळ बॉनेटवर ठेवला. ती बसत नाही म्हणाली की खरंच बसत नाही. मी ओढणी कमरेला खोचली, जुनी चादर पसरली आणि फोनची बॅटरी घेऊन डाव्या चाकामागे शिरले.

साथिया होता. भैयाचं म्हणणं बरोबर होतं, आतल्या बाजूला होता. पण अर्धाच. दोन पाय स्वच्छ, आणि उरलेल्या दोनांवरून कुणीतरी बोट फिरवल्यासारखा लाल पट्टा ओढला गेला होता. मी बॅटरी बाजूला सरकवली. चाकाच्या मागे ब्रेककडे जाणारा रबरी पाइप होता, माझ्या बोटाएवढा जाड. तो तुपकट लाल झालेला होता.

मी अजून आत सरकले. पाइपला बोट लावलं. लाल रंगाखाली रबर गुळगुळीत झालं होतं, घासून चमकत होतं.

"भैया, स्टिअरिंग उजवीकडे फिरव. पूर्ण. हळू."

चाक वळलं. टायरची आतली कड पुढे आली आणि पाइपला टेकली. काही आवाज झाला नाही. रबराला रबर लागलं, आवाज कशाला होईल?

"बंद कर," मी म्हटलं. "गाडी बंद कर. पप्पांना उतरव."

भैयाने किल्ली काढली, पप्पांना ओट्यावर बसवलं. मग तो माझ्या शेजारी चादरीवर आडवा झाला. मी पाइप दाखवला. तो पाइप चेसिसला एका क्लिपने धरलेला असतो. क्लिप तिथेच होती, पण तिचा बोल्ट नव्हता. क्लिप लोंबत होती आणि तिच्यासोबत पाइपही बाहेर आला होता. बोल्ट कुणी, कधी काढला, हे कळायला मार्ग नव्हता. जुना टायर बारीक होता, तो पाइपपर्यंत पोचत नव्हता. नवा पोचला. मी कणीक चार ठिकाणी लावली होती, पण पाइपजवळ नाही, कारण पाइप त्याच्या जागी असणार असं मी धरून चालले होते.

"हा तुटला असता तर?" भैयाने हळूच विचारलं.

"लगेच तुटला नसता. वळणावळणाला थोडा थोडा घासला असता."

नाल्याकडे उतरणारी वाट आम्हाला दोघांनाही माहीत होती. तीव्र उतार, दोन वळणं, आणि दुसऱ्या वळणावर स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे. भैया चादरीवरून उठला आणि गाडीच्या दाराला टेकून उभा राहिला.

"काय झालं?" मम्मीने विचारलं. "आहे का साथिया?"

"आहे," मी म्हटलं. "आत आहे."

"मग उठा की."

मी तिला पाइपवरचा लाल रंग लागलेलं बोट दाखवलं आणि सगळं सांगितलं. तिने ऐकलं. तिला ब्रेकचं तेल वगैरे किती कळलं माहीत नाही, पण तिने पदराने माझं बोट पुसलं आणि पुसतच राहिली.

पप्पा ओट्यावर बसले होते, टोपी मांडीवर. "मग आता?" ते म्हणाले. त्यांना गाडीची काळजी नव्हती. मागच्या वर्षीचा निंब त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता.

"आता झुलालकाका," मी म्हटलं.

झुलालकाका किल्ल्याच्या मागच्या गल्लीत गॅरेज चालवतात. मी त्यांना फोन केला तेव्हा ते चहा पीत होते, आणि चहा संपल्याशिवाय निघाले नाहीत. येऊन खाली वाकून बघितलं.

"पाइप फाटेल नई शे, ताई."

"बदलायचा, काका. घासलेला नको."

"मी कुठे नको म्हनी ऱ्हायनू? बदलूच." मग मम्मीकडे बघून, "पन हाई लाल काय शे? ब्रेकचं तेल असं लाल नसतं."

"कुंकू आहे," मम्मी म्हणाली. "तुपातलं."

झुलालकाकांनी बोट नाकाला लावलं. "तीस वर्षं गाड्या खोलतोय, शेठाणी. लिकेज दाखवायला तूप पहिल्यांदा बघितलं."

स्पेअर पार्टचं दुकान उघडायला वेळ होता. भैया शटरसमोर जाऊन उभा राहिला. पाइप मिळाला, सोबत दोन बोल्ट घेतले, एक जास्तीचा. नवा पाइप बसला, क्लिप घट्ट झाली. मी सांगितलं म्हणून उजव्या चाकाची क्लिपही बघितली, ती ठीक होती. मग ब्रेकच्या तेलातली हवा काढली. भैया आत पेडल दाबत होता, झुलालकाका खाली बोल्ट सैल-घट्ट करत होते, आणि मी पारदर्शक नळीतले बुडबुडे बघत होते. बुडबुडे संपले तरी मी अजून दोनदा पेडल दाबायला लावलं.

"झालं ना, विधी?" भैयाने आतून विचारलं.

"एकदा बघू दे."

मग मी स्वयंपाकघरात गेले. मम्मीने स्वतःहून कणकेचा डबा पुढे केला. "घे. मोठा घे गोळा."

चाक ओट्यावर चढवलं, स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे, पाइप आणि टायरच्या मध्ये कणीक. ती चपटी झालीच नाही. टायर तिच्यापर्यंत पोचलाच नाही. माझी तीन बोटं मध्ये आरामात गेली. डावीकडे फिरवलं, तेच.

मी चादर घडी करून आत टाकली. मम्मीने नारळ उचलला. डाव्या चाकाच्या बाहेरच्या बाजूला, पांढऱ्या अक्षरांवर, तिने नवा साथिया काढला. भैयाने कुंकवाची वाटी धरली. अक्षरं अर्धी झाकली गेली, तरी धरून राहिला.

अमळनेर, चोपडा, आणि मग डांबर संपलं. घाई करायची नाही असं ठरलं होतं. पप्पा काट्याकडे बघत होते. "पन्नास दाखवतोय, म्हणजे साडेबावन्न," ते मध्येच म्हणाले, आणि भैयाने माझ्याकडे आरशातून बघितलं.

नाल्याचा उतार लागला. दुसऱ्या वळणावर भैयाने स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे नेलं, ब्रेकवर पाय ठेवला, आणि गाडी जिथे थांबायला हवी तिथे थांबली. त्याने पाय उचलला, पुन्हा ठेवला. पुन्हा थांबली.

"काय करतोस?" मम्मी म्हणाली.

"काही नाही. बरं वाटतंय."

नाला कोरडा होता. पलीकडे चढाच्या सुरुवातीला वनाकाका उभे होते, नवीन धोतर, नवीन टोपी, आणि त्यांच्या पायाशी तो दगड. पांढराफेक.

"चुना लाई ठेयेल शे!" ते लांबूनच ओरडले. "दखा शेठ, तुमना दगड! बठ्ठा गाव आते याले शेठना दगड म्हनस!"

"मला उतरू दे," पप्पा म्हणाले.

"उतरायचं नाही," मम्मी म्हणाली. "चार माणसं धरून मोजलंय तिने. तीनच बसलो तर मोजणी चुकेल."

ते तसं नसतं, तीन बसले तर गाडी उलट थोडी वरच राहिली असती. पण पप्पा बसून राहिले, तेवढं पुरे होतं. भैयाने फोर व्हील टाकलं आणि गाडी चाकोरीत घातली. आम्ही चौघांनीही नकळत पाय वर घेतले होते, जणू दगड आमच्या तळव्यांना लागणार होता. पुढची चाकं गेली. वनाकाका गुडघ्यावर बसून, गाल जवळजवळ मातीला लावून, खालून बघत होते. मागची चाकं गेली.

आवाज आला नाही.

"घासलं का?" भैयाने खिडकीतून विचारलं.

"नई! चुना बी निघना नई!" वनाकाका उठले, धोतराची माती झटकली आणि धावत खिडकीशी आले. "कितली उंच कयी गाडी?"

"एकोणीस मिलीमीटर," मी म्हटलं.

"म्हनजे?"

मी बोटांत अंतर धरून दाखवलं. त्यांनी त्या अंतराकडे बघितलं, मग दगडाकडे, मग पप्पांकडे.

"इतलीच?" ते म्हणाले. "आन तेवढ्यासाठी मी पहार वाकाडी?"

पप्पा एवढे हसले की त्यांना कमरेला हात लावावा लागला.

मांडवाशी वच्छलाआत्या हळदीच्या हातांनीच धावत आली. गाडीचं दार तिनेच उघडलं. पप्पांना हाताला धरून खाली उतरवलं, आणि मागे वळून मांडवातल्या बायकांना ऐकू जाईल असं म्हणाली, "मना भाऊ उना!" पप्पांच्या पांढऱ्या बाहीवर पाचही बोटं पिवळी उमटली. मम्मीने ती बघितली, पुसली नाहीत.

ऊन उतरल्यावर टाळी लागली. पप्पा दिपमालाच्या मागे उभे होते, दोन्ही हात तिच्या खांद्यावर, टोपी थोडी तिरकी. अक्षता पडत असताना दिपमालाने मान न वळवता हळूच विचारलं, "मामा, माझं माप बरोबर आलं ना?"

"बरोबर," पप्पा म्हणाले. "तीन वेळा मोजलं होतंस ना?"

मी मांडवाच्या कडेला उभी होते. पलीकडे भैया गावातल्या पोरांना टायर दाखवत होता, आणि त्याच्या बोलण्यात पांढऱ्या अक्षरांचं नाव नव्हतं. तो खाली वाकून, आत हात घालून, त्यांना ब्रेकचा पाइप दाखवत होता.